व्यासपीठावरचे आणि समोरचे : हैदराबादच्या एका सभेची आठवण

वैशाखाचे ऊन तापू लागले आणि शाळांना सुट्या लागल्या, की आपल्या मंडळ्यांत शिबिरांचे दिवस येतात. त्यांतच अलीकडे लेखनवर्गाची भर पडली आहे. पाळक, धर्मोपदेशक, रविवारच्या शाळेचे शिक्षक आणि काही होतकरू तरुण आठ-दहा दिवस एकत्र राहतात. सकाळी कोणी कवी येऊन पद्यरचनेवर बोलतो, दुपारी कोणी संपादक हस्तलिखितांवर लाल पेन्सिल फिरवितो, आणि सायंकाळी प्रत्येकाने आपले लिहिलेले वाचून दाखवावयाचे असते. अशा वर्गांची आखणी करणाऱ्यांना दरवर्षी एकच प्रश्न पडतो : शिकवावयास कोणाला बोलवावे? नामवंत साहित्यिक मिळाला तर शिबिराची शोभा वाढते. परंतु समोर बसलेल्या उपदेशकाच्या बोलीशी त्याचा परिचय असतोच असे नाही. आणि ज्याला ती बोली येते, त्याचे नाव पत्रिकेवर छापण्याइतके मोठे नसते. हा प्रश्न व्यवस्थेचा वाटतो, पण तो तेवढाच नाही. व्यासपीठावर कोणी बसावे, समोर कोणी बसावे आणि समोरच्याने केव्हा व कोणत्या भाषेत तोंड उघडावे, हा मराठी साहित्यसभांचा जन्मापासूनचा प्रश्न आहे. त्याचे एक बोचरे उदाहरण महाराष्ट्राबाहेर, हैदराबादेतील गौलीगुड्याच्या परिसरात घडले. ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

हैदराबादेस गेलेल्यांना गौलीगुडा ठाऊक असेल तो बहुधा मोटारगाड्यांच्या जुन्या स्थानकामुळे. लोखंडी पत्र्याच्या ज्या भल्या थोरल्या कमानदार छपराखाली निजामाच्या काळापासून गाड्या उभ्या राहत, ते २०१८ च्या जुलैत एका सकाळी कोसळले. पण गौलीगुडा त्या छपराहून जुना आहे. मुसी नदीच्या उत्तरेस, एका अंगाला अफझलगंज व बेगमबाजार, दुसऱ्या अंगाला जांबाग, कोठी आणि सुलतानबाजार, अशा दाटीत ही वस्ती वसली आहे. नावात गवळी आहेत आणि तेलुगू 'गुडा' म्हणजे वाडी आहे. म्हणजे नावातच दोन भाषा शेजारी नांदत आहेत. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला जो प्रलयंकारी पूर आला, त्याने या नदीकाठच्या भागाची मोठी हानी केली. जवळच, कोठी येथे, इंग्रज रेसिडेंटाची ती खांबांची भव्य हवेली. तिच्या भोवतालचे बाजार १९३३ पर्यंत निजामाच्या नव्हे, तर रेसिडेन्सीच्या अमलाखाली होते. ही गोष्ट वरवर पाहता महसुलाची वाटेल, परंतु वाङ्मयाच्या इतिहासात ती महत्त्वाची आहे. निजामी हद्दीत सभेला, वर्तमानपत्राला, खाजगी शाळेलासुद्धा सरकारी परवानगीचा फास होता. रेसिडेन्सीच्या बाजारात तो थोडा सैल होता. म्हणून ज्यांना वाचनालय काढावयाचे होते, सभा भरवावयाची होती, त्यांची पावले या बाजूला वळत. तेलुगू भाषेचे श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय १९०१ मध्ये याच रेसिडेन्सी बाजारात उघडले.

आणि गौलीगुड्याला लागून, जांबागेत, मराठी माणसांची विवेकवर्धिनी. १९०७ साली निघालेल्या या शाळेमागे केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक ही दोन वकील मंडळी होती. कोरटकर पुढे उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. हैदराबादेत चित्रकार म्हणून राहणारे आणि पुढे वेदाभ्यासासाठी विख्यात झालेले पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचाही या कार्याशी संबंध होता. निजामाच्या राज्यात त्या काळी लोकसंख्येचा जवळजवळ निम्मा भाग तेलुगू बोलणारा, सुमारे चतुर्थांश मराठी बोलणारा, उरलेल्यांत कानडी आणि उर्दू. पण राज्यकारभार, न्यायालये आणि १९१८ नंतर उस्मानिया विद्यापीठसुद्धा उर्दूत. अशा ठिकाणी मुलांना स्वभाषेत शिकविणारी शाळा काढणे हे धैर्याचे काम होते, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. पुढे जे लिहिणार आहोत, ते या उपकाराचा विसर पडल्यामुळे नव्हे.

विवेकवर्धिनीचे सभागृह हे केवळ शाळेचे सभागृह राहिले नाही. नाटके, व्याख्याने, परिषदा यांचे ते शहरातील प्रमुख ठिकाण झाले. १९२१ च्या नोव्हेंबरमध्ये येथे निजाम राज्यातील सामाजिक परिषद भरली. अध्यक्षस्थानी पुण्याहून आलेले महर्षी धोंडो केशव कर्वे होते. त्यांच्या महिला विद्यापीठाला तेव्हा पाच वर्षे झाली होती. विधवांचा, स्त्रीशिक्षणाचा, अस्पृश्यतेचा विचार करणारी ही परिषद. सुधारणेचे जे जे चांगले म्हणून होते, त्याचे प्रतिनिधी तेथे जमले होते. ठराव मांडले जात होते, भाषणे होत होती : कोणी इंग्रजीत बोलले, कोणी उर्दूत, कोणी मराठीत. तेव्हा आलमपल्ली वेंकट रामाराव नावाचे तेलुगू वकील एका ठरावावर बोलावयास उठले आणि आपल्या मातृभाषेत बोलू लागले.

श्रोत्यांनी त्यांना बोलू दिले नाही. हशा झाला, टाळ्या पिटल्या गेल्या, गलका झाला. वकिलांना भाषण आटोपते घ्यावे लागले.

या प्रसंगाची नोंद मराठी इतिहासलेखनात फारशी ठळक सापडत नाही; तेलुगू इतिहासलेखनात मात्र तो एका युगाचा आरंभ म्हणून सांगितला जातो. माडपाटी हनुमंतराव यांनी तेलंगणातील आंध्र चळवळीच्या आपल्या इतिहासात त्याला आरंभीचेच स्थान दिले आहे. त्याच रात्री काही तेलुगू गृहस्थ टेकुमाल रंगाराव यांच्या घरी जमले आणि त्यांनी आंध्र जनसंघाची स्थापना केली. माडपाटी हनुमंतराव आणि बुर्गुल रामकृष्णराव ही त्यांतील पुढे मोठी झालेली नावे. बुर्गुल १९५२ मध्ये हैदराबाद राज्याचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा ती तरुण वकिलांची बैठक होती, आणि तिला एकत्र आणणारी वस्तू एकच होती : दिवसा सोसलेला अपमान.

आमच्या मते या प्रसंगात विचार करण्याजोगी गोष्ट ही, की तेथील श्रोते वाईट माणसे नव्हती. निजामाच्या राज्यात आपल्या भाषेची गळचेपी होते म्हणून ज्यांनी पदरमोड करून शाळा काढली होती, तेच ते लोक. किंवा निदान त्यांचेच भाऊबंद. वरच्या भाषेकडून जो तुच्छभाव त्यांच्या वाट्याला येत होता, तोच त्यांनी त्या दिवशी शेजाऱ्याच्या भाषेला दिला. उर्दू ही राजाची भाषा. ती न आवडली तरी ऐकून घेतली पाहिजे. इंग्रजी ही साहेबाची. मराठी आपली. राहिली तेलुगू, ती भाजीवाल्यांची, गाडीवानांची, मोलकरणीची. व्यासपीठावरून ती ऐकू येताच लोकांना हसू आले, याचे कारण ती भाषा अपरिचित होती हे नसून ती अतिपरिचित होती हे आहे. रोज घराच्या मागील दारी जिच्यात आपण हुकूम सोडतो, ती भाषा पुढच्या दाराने येऊन आपल्याला उपदेश करू लागली, तर आपण काय करतो? हा प्रश्न हैदराबादकरांना विचारण्यापूर्वी प्रत्येक मंडळीने आपल्या दरवाजापाशी उभे राहून स्वतःला विचारण्यासारखा आहे.

येथे शास्त्राच्या वाचकांना प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. दुसऱ्या अध्यायात आत्म्याचे दान येते आणि प्रत्येकजण आपापल्या भाषेत देवाची महत्कृत्ये ऐकतो. तो पेंटेकॉस्टचा अध्याय आपण मोठ्या आनंदाने वाचतो. पण त्याच मंडळीत, थोड्याच दिवसांनी, ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होऊ लागले आणि कुरकुर सुरू झाली. म्हणजे भाषेचा चमत्कार झालेल्या मंडळीतही भाषेचा पंक्तिप्रपंच झाला. प्रेषितांनी काय केले? कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही, आणि 'आम्ही सर्व एकच आहोत' असे प्रवचन देऊनही ते थांबले नाहीत. त्यांनी सात जण निवडावयास सांगितले. आणि निवडलेल्यांची नावे पाहिली तर स्तेफन, फिलिप्प, नीकलाव अशी सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाढणे दिले. विवेकवर्धिनीच्या सभागृहात त्या दिवशी असा विचार कोणाला सुचला असता, तर दक्षिणेतील दोन भाषिक समाजांच्या संबंधांना कदाचित निराळे वळण लागले असते. पण इतिहासात 'असता' आणि 'असते' यांना फारसे स्थान नाही.

मराठी साहित्यसभांच्या मुळाशीच हा प्रश्न होता, असे आम्ही वर म्हटले. त्यासाठी थोडे मागे जाऊ. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख यांनी ११ मे १८७८ रोजी पुण्यास हिराबागेत ग्रंथकारांची सभा भरविली. मे महिनाच, बरे का. कचेऱ्या आणि शाळा यांच्या सुट्यांचे दिवस, म्हणजे आजच्या आपल्या शिबिरांचाच हंगाम. पुस्तके लिहिणारे लोक एकमेकांना ओळखीत नाहीत, ग्रंथांना गिऱ्हाईक नाही, तेव्हा सर्वांनी मिळून विचार करावा, हा साधा व शहाणपणाचा हेतू होता. दुसरी सभा २४ मे १८८५ रोजी पुण्यातच, कृष्णशास्त्री राजवाडे यांच्या अध्यक्षतेखाली झाली. तिचे निमंत्रण जोतीराव फुले यांना गेले. त्यांनी ते नाकारले. आणि का नाकारले, हे पत्राने कळविले. ज्यांच्या पुस्तकांत आणि ज्यांच्या आचरणात शूद्रातिशूद्रांना माणूस म्हणून हक्क दिलेले नाहीत, त्यांच्या सभेशी आमच्या सभांचा मेळ बसणार नाही. आमच्या लोकांचे दुःख त्या घरांत बसून कळावयाचे नाही. आमचा विचार आम्हीच करू, असा त्या पत्राचा आशय आहे.

हे पत्र छापले कोणी? 'ज्ञानोदया'ने, ११ जून १८८५ च्या अंकात. अमेरिकन मराठी मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू केलेले हे पत्र आपल्या वाचकांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आलेले आहे. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत ते शिकले आणि पुढे त्यांनी आपला स्वतंत्र मार्ग धरला. तरीही ज्या निमंत्रिताला ग्रंथकारांच्या सभेत जावेसे वाटले नाही, त्याच्या शब्दांना एका मिशनरी पत्राने जागा दिली. आपल्या पूर्वजांच्या हातून घडलेल्या पुष्कळ गोष्टींबद्दल आज आपण संकोचाने बोलतो. ही एक गोष्ट संकोचाशिवाय सांगता येण्यासारखी आहे. परंतु तेथेही अभिमान बेताने बाळगावा. 'ज्ञानोदया'ने पत्र छापले म्हणजे त्या काळच्या मिशनच्या आवारांत जातीची आणि भाषेची उतरंड नव्हती असे नव्हे. गोऱ्या मिशनऱ्याची इंग्रजी, पंडिताची संस्कृतप्रचुर मराठी आणि खेड्यातल्या उपदेशकाची बोली, यांच्या पायऱ्या त्या आवारांतही होत्याच.

त्या पायऱ्या काही थोड्या माणसांनी उतरून दाखविल्या. नगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी कीर्तनाची देशी रीत शुभवर्तमानासाठी घेतली, आणि ती घेतल्यामुळे पुस्तकी उपदेश ज्यांच्या कानांवरून जात असे ते लोक बसून ऐकू लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्याविषयी तर आपल्या वाचकांना नव्याने काय सांगावे! पण एक प्रसंग आजच्या विषयाला धरून आहे. १९०७ साली जळगावास कविसंमेलन भरले. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते. त्या संमेलनात धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा कविता म्हणावयास उभा राहिला. तो त्र्यंबक बापूजी ठोंबरे. त्याची कविता ऐकून त्याला 'बालकवी' हे नाव मिळाले. समोर बसलेला पोर त्या दिवशी व्यासपीठावर आला आणि कोणी हसले नाही. टिळकही तेथे होते, आणि पुढे ठोंबरे नगरला त्यांच्या घरी राहिले. ख्रिस्ती कवीच्या घरात एक ब्राह्मण मुलगा कविता शिकत राहिला. त्याला बाप्तिस्म्याची अट घालण्यात आली नाही. संमेलनाने नाव दिले आणि घराने अन्न दिले. लेखक घडविण्याच्या कामी या दोहोंपैकी अधिक कशाचा उपयोग झाला असेल, याविषयी आमचे मत वाचकांनी ओळखावे.

त्याच घरात आणखी एक विद्यार्थिनी होती. लक्ष्मीबाई कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती पतीकडून, तीही रागालोभाच्या आणि थट्टेच्या कितीतरी फेऱ्यांतून. त्याच लक्ष्मीबाईंकडे पुढे नागपूरच्या ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आले, आणि टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्या निधनानंतर पुढे नेण्याचे कामही त्यांनीच केले. 'स्मृतिचित्रे' ज्या मराठीत लिहिली गेली, ती मराठी कोणत्याही लेखनवर्गात शिकविता आली नसती. उलट लेखनवर्गाच्या लाल पेन्सिलीने तिची अर्धी गोडी खोडून टाकली असती. (हे आम्ही लाल पेन्सिल हाती धरणाऱ्यांपैकीच एक म्हणून लिहितो.)

तेलुगूतही अगदी असेच एक घर सापडते, आणि त्याचा धागा आपल्याच भाषेशी जुळलेला आहे. कोमर्राजू वेंकट लक्ष्मणराव हे कृष्णा जिल्ह्याकडचे; परंतु त्यांचे शिक्षण नागपुरास बहिणीच्या आश्रयाने झाले. त्यामुळे मराठी त्यांना मातृभाषेसारखी अवगत होती आणि मराठी नियतकालिकांत ते लिहीत असत. त्यांची बहीण भंडारू अच्चमांबा. तिला लिहावाचावयास शिकविले ते या भावाने. १९०२ मध्ये तिने लिहिलेली 'धनत्रयोदशी' ही कथा तेलुगू लघुकथेच्या आरंभीच्या टप्प्यावर उभी आहे, आणि थोर स्त्रियांच्या चरित्रांचा तिचा संग्रहही प्रसिद्ध आहे. १९०५ मध्ये, तिशी ओलांडली न ओलांडली तोच, ती वारली. आरंभी ज्याचा उल्लेख केला, त्या रेसिडेन्सी बाजारातील तेलुगू ग्रंथालयाच्या स्थापनेत लक्ष्मणरावांचा हात होता. आणि पुढे त्यांनी तेलुगू ज्ञानकोशाचे काम हाती घेतले, जे १९२३ मधील त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. नागपुरात मराठी शिकलेला हा गृहस्थ हैदराबादेत तेलुगूचा दिवा लावून गेला, आणि त्या दिव्यापासून हाकेच्या अंतरावर वीस वर्षांनी मराठी श्रोते तेलुगू भाषणाला हसले. लक्ष्मणराव तेव्हा हयात होते.

मराठीतील ज्ञानकोशकार डॉक्टर श्रीधर व्यंकटेश केतकर हैदराबादेस आले ते १९३१ मध्ये, मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. आधल्या वर्षीचे संमेलन पोर्तुगीज अमलाखालील मडगावास वामन मल्हार जोशी यांच्या अध्यक्षतेखाली झाले होते, पुढल्या वर्षीचे कोल्हापुरास सयाजीराव महाराज गायकवाडांच्या. म्हणजे तीन वर्षे ओळीने संमेलन ब्रिटिश महाराष्ट्राच्या बाहेर होते. हैदराबादेत त्या वेळी १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' चा अंमल होता. पूर्वपरवानगीवाचून सार्वजनिक सभा भरविण्यास त्याने मनाई केली होती. अशा काळात साहित्याच्या नावाने माणसे जमणे हीच एक गोष्ट होती, आणि मराठवाड्याच्या पुढील जागृतीत तिचा वाटा आहे. केतकरांची निवडही बोलकी आहे. जातिसंस्थेच्या इतिहासावर अमेरिकेत प्रबंध लिहिलेला, जर्मन यहूदी कुळातील स्त्रीशी विवाह केलेला, तेवीस खंडांचा ज्ञानकोश पुरा करून कर्जबाजारी झालेला हा पंडित रूढ अर्थाने ललित लेखकांचा पुढारी नव्हता. भाषा ही केवळ शोभेची वस्तू नसून ज्ञान वाहून नेणारी गाडी आहे, हे त्याला कळत होते. पण आम्हांस येथे संमेलनाचा वृत्तांत द्यावयाचा नाही. आमचे लक्ष आहे ते विवेकवर्धिनीच्या सभेनंतर जे घरी गेले त्यांच्याकडे.

आंध्र जनसंघाने ग्रंथालये काढली, शिलालेख गोळा केले, बाजारात तेलुगू व्यापाऱ्यांच्या अडचणी सोडविल्या. १९२६ मध्ये सुरवरम् प्रताप रेड्डी यांनी 'गोलकोंडा पत्रिका' सुरू केली. १९३० मध्ये जोगिपेट येथे निजाम राज्यातील पहिली आंध्र महासभा भरली, आणि तिचे अध्यक्षही तेच होते. आणि गंमत अशी, की ज्या अपमानाने आरंभ झाला, त्याची पुनरावृत्ती पुढे स्वभाषकांकडूनच झाली. किनाऱ्याकडील ब्रिटिश मुलखातले आंध्र लोक तेलंगणाच्या तेलुगूला उर्दूने बाटलेली समजत. आणि कोणीतरी लिहून टाकले की तेलंगणात तेलुगू कवींची संख्या पूज्य आहे. तेलुगूत 'पूज्य' म्हणजे शून्य. आपल्या जुन्या हिशेबनिसांच्या मराठीतही तोच अर्थ आहे, हे जुनी खतावणी पाहिलेल्यांना ठाऊक असेल. म्हणजे मराठी शेजाऱ्याने ज्या भाषेला व्यासपीठावरून उतरविले, तिच्याच मोठ्या बहिणीने तिला घरातूनही बेदखल केले.

प्रताप रेड्डींनी याला उत्तर म्हणून लेख लिहिला नाही. त्यांनी खेडोपाडी निरोप धाडून कवींकडून कविता मागविल्या. १९३४ मध्ये 'गोलकोंडा कवुल संचिक' हा संग्रह निघाला. त्यात ३५४ कवी होते.

लेखनाचे शिक्षण म्हणजे काय, याचे आम्हांस ठाऊक असलेले हे एक उत्तम उदाहरण आहे. त्या ३५४ जणांतले सर्वच थोर कवी नव्हते. असा संग्रह चाळला की सामान्य पद्ये पुष्कळ निघावयाचीच. पण संपादकाने त्यांना व्याख्यान दिले नाही, त्यांच्याकडे मागणी केली. तुझ्याजवळ काय आहे ते दे, मी छापतो. आपल्या शिबिरांत शिक्षक आणि साहित्यिक येतात ते बहुधा देण्यासाठी. मागण्यासाठी येणारा क्वचित. उपदेशकाने वर्षभर गावोगाव जी प्रार्थना केली, मृताच्या घरी जी चार वाक्ये उच्चारली, ती त्याच्याकडे कोणी मागितलेली नसतात. त्यालाही ती लिहिण्याजोगी वाटत नाहीत, कारण शिबिरात ऐकलेल्या मराठीसारखी ती नसतात.

पुढचा इतिहास थोडक्यात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली; मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेलंगण आंध्र प्रदेशात. गौलीगुडा, जांबाग, सुलतानबाजार, काचीगुडा या भागांतली मराठी कुटुंबे जेथल्या तेथे राहिली, पण त्यांच्याभोवतीचे राज्य बदलले. उर्दूच्या राज्यात जी एक मोठी भाषा होती, ती तेलुगूच्या राज्यात अल्पसंख्याकांची झाली. मराठी शाळांना विद्यार्थी मिळेनासे झाले, घरातली मुले तेलुगू व इंग्रजीत शिकू लागली. १९२१ साली ज्यांनी टाळ्या पिटल्या, त्यांच्या नातवंडांना आपली भाषा सरकारदरबारी मागून घ्यावी लागली. यात कोणी दैवी न्याय पाहील. आम्ही पाहत नाही. शास्त्रात यार्देनच्या उतारावर 'शिब्बोलेथ' न म्हणता आल्यामुळे मारल्या गेलेल्या बेचाळीस हजार एफ्राइमी लोकांची कथा आहे. ती सांगणाऱ्याने तेथे देवाचा हात दाखविलेला नाही, फक्त आकडा दिला आहे.

मात्र हैदराबादच्या मराठी लोकांच्या पुढील वागणुकीत एक बदल दिसतो, आणि तो नोंदविणे हा न्याय आहे. तेथील मराठी साहित्य परिषदेने आपल्या नियतकालिकाला 'पंचधारा' हे नाव दिले; त्या नावात एकटी मराठी नाही. निजामाच्या मुलकी सेवेत असलेले सेतुमाधवराव पगडी यांनी आदिलाबादकडील नोकरीत गोंडी आणि कोलामी शिकून घेतली, त्या भाषांच्या अभ्यासाची पुस्तके लिहिली, आणि उर्दू काव्य मराठीत आणले. ज्याच्यावर अंमल गाजवावयाचा त्याची भाषा शिकणारे अधिकारी पूर्वीही होते. परंतु पगडींचे लेखन वाचताना ही शिकवणी अंमलदाराची न राहता पाहुण्याची झाली आहे, असे वाटते.

ख्रिस्ती मंडळ्यांचे काय? निजामी मुलखात दोर्नकलचे बिशप वेदनायकम् सॅम्युएल अझरय्या हे स्वतः तमिळ. १९१२ मध्ये अभिषेक झालेले हे पहिले हिंदी अँग्लिकन बिशप तेलुगू शिकले, तेलुगूत उपदेश करू लागले, आणि खेड्यातील मंडळ्यांत पुस्तकी गीतांपेक्षा देशी चालींना त्यांनी मान दिला. त्यापूर्वीच पुरुषोत्तम चौधरी यांची तेलुगू भक्तिगीते लोकांच्या ओठी बसलेली होती. मराठीतून सेवा करणाऱ्यांना बिदर, आदिलाबाद, नांदेड या सीमेवरच्या जिल्ह्यांत आजही दोन-दोन, तीन-तीन भाषांच्या मंडळ्या भेटतात. तेथील पाळकाला पौलाने करिंथकरांस घातलेला नियम रोज पाळावा लागतो : परक्या भाषेत बोलणाऱ्याला अर्थ सांगणारा असावा. पौलाच्या या नियमात एक बारकावा आहे, तो घाईत सुटतो. अर्थ सांगणारा नसेल तर बोलणाऱ्याने गप्प राहावे, असे तो म्हणतो खरे. पण पुढे लगेच असेही सांगतो, की एकजण बोलत असता बसलेल्या दुसऱ्याला काही प्रकट झाले, तर पहिल्याने उगे राहावे. म्हणजे गप्प राहण्याची पाळी उभे असलेल्यावरही येते. विवेकवर्धिनीच्या सभेत ती पाळी फक्त एकावर आली.

यंदाच्या उन्हाळ्यात लेखनवर्ग आखणाऱ्यांपैकी कोणी हा लेख वाचला, तर त्यांना आमची एकच व्यावहारिक सूचना आहे. पत्रिकेवर शिक्षकांची नावे छापा. पण शेवटच्या दिवशी, शिक्षक समोर बसलेले असताना, प्रत्येक उपदेशकाला त्याच्या गावच्या बोलीत, आणि सीमेवरचा असेल तर त्याच्या घरच्या कानडी किंवा तेलुगूत, दहा मिनिटे वाचू द्या. शेजारी दुभाषी बसवा. आणि वाचलेले कागद गोळा करून घ्या.